बोलोन्यातला पहिला आठवडा: या चुका टाळा

सप्टेंबर लागला की लातूर, नांदेड, परभणीकडची लेकरं सेमिस्टरसाठी इटलीत बोलोन्याला उतरतात आणि मला रात्री-बेरात्री फोन सुरू होतात. प्रश्न तेच ते. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

सगळ्यात आधी पेर्मेस्सो, म्हणजे राहण्याचा परवाना. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर उतरल्यापासून कामकाजाच्या ८ दिवसांत अर्ज टाकावा लागतो. लेकरं म्हणतात, "दादा, व्हिसा हाय की!" आणि आधी फ्लोरेन्स फिरून येतात. अर्जाचं किट पोस्टात फुकट मिळतं. लातूरच्या एका पठ्ठ्याने फॉर्म निळ्या पेनाने भरला, पासपोर्टच्या फक्त पहिल्या पानाची झेरॉक्स जोडली आणि पाकीट डिंकाने चिकटवून वर सेलोटेप मारला. खिडकीवरच्या बाईने त्याच्यासमोर ते टर्रकन फाडलं. आतले कागद तिला तपासायचे असतात, पाकीट उघडंच न्यायचं! शाई काळी, आणि व्हिसाच्या, शिक्क्यांच्या पानांच्याही झेरॉक्स. १६ युरोचा स्टॅम्प वेगळा लागतो. तो 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळतो. हे सगळं किटमधल्या सूचनांत लिहिलेलं असतं, पण लातूरला फॉर्म झेरॉक्सवाला भरून देतो ना, मग सूचना कोण वाचणार? पोस्टाची पावती जपा. कार्ड यायला महिने लागतात, तोवर तीच तुमचा आधार. मी तर तिचा फोटो आईच्या मोबाइलवरही पाठवायला लावतो.

दुसरं, लाईट. तिथे घराला साधारण ३ किलोवॉटचंच कनेक्शन असतं. परभणीच्या एका पोराने वॉशिंग मशीन, ओव्हन आणि इंडक्शन एकदम लावलं. लाईट गेली. पोरगं खुशाल अंधारात बसलं.

"काय करायलास?"

"लोडशेडिंग हाय वाटतं. येईल की तासाभरात."

खिडकीतून समोरच्या घरात झगझगीत उजेड दिसत होता, तरी ह्याला शंका नाही! खाली जिन्याजवळ मीटर असतं, तिथला पडलेला खटका वर करायचा, बस. पहिल्याच दिवशी घरमालकाकडून मीटरची जागा बघून घ्या.

बाकीचं थोडक्यात. नऊचा तास सव्वानऊला सुरू होतो. वर्ग रिकामा दिसला म्हणून परत फिरू नका. साध्या (रिजनल) गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारल्याशिवाय गाडीत चढाल तर दंड भराल, आणि "मला माहीत नव्हतं" हे टीसी ऐकत नाही. हीटर सुरू व्हायची तारीख सरकारी नियमाने ठरते, तिथे १५ ऑक्टोबर. त्याआधी घरमालकाशी भांडून उपयोग नाही, स्वेटर घाला. गावातल्या आसिनेल्ली या उंच बुरुजावर पदवीआधी चढलं तर पदवी मिळत नाही, असं तिथली पोरं मानतात. शेजारच्या कललेल्या गारिसेंदा बुरुजाच्या धोक्यामुळे २०२३ मध्ये आसिनेल्लीही बंद केला, त्यामुळे जायच्या आधी विचारून घ्या.

आणि ॲल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापत नाही. हे आईला निघायच्या आधीच सांगा, नाहीतर ती त्यातच येसराच्या पुड्या भरून बॅग बंद करते.