मुलांजवळ अमेरिकेत राहायला जाताना गाव कसं निवडावं

नाशिकहून मैत्रिणींचे फोन येतात, तेव्हा हल्ली बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतं. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेची नागरिक झाली, आईवडिलांच्या ग्रीन कार्डासाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज केला, मुंबईत मुलाखत झाली. आता राहायचं कुठे? "लेकीच्या घरात एक खोली रिकामी आहे की," असं म्हणून बऱ्याचजणी विषय संपवतात. मला तो इतक्यात संपवावासा वाटत नाही. ती खोली आहे कुठे, तिथून पायी काय गाठता येतं, हे आधी बघायला हवं.

फेब्रुवारीतला एक मंगळवार डोळ्यांसमोर आणा. लेक-जावई सकाळी आठला कामावर गेले, नातवंडं पिवळ्या बसने शाळेत गेली. संध्याकाळी सहापर्यंत घरात तुम्ही दोघंच. गाडी चालवता येत नाही, किंवा आता चालवाविशी वाटत नाही. अशा दिवशी भाजी, औषधं, वाचनालय आणि मराठीत नाही तर निदान हिंदीत बोलायला एक माणूस, हे सगळं कुणाला न विचारता गाठता आलं तर ते गाव तुमचं. मुलांचं घर तिथून वीस-तीस मिनिटांवर असलं तरी चालतं. कोपऱ्यावरचं दुकानही गाडीशिवाय गाठता येत नसेल, तर मुलांच्या घरात राहूनही दिवस खायला उठतो.

मी नाशिकला भूगोल शिकवत असे, हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. मुलगी न्यू जर्सीत हिल्सबरोला, मुलगा सिएटलजवळ रेडमंडला. म्हणजे आमच्यापुढे दोन किनारे होते, आणि दोन्हीकडून प्रेमानं बोलावणं होतं. आम्ही दोन्ही ठिकाणं हिवाळ्यात राहून पाहिली. ही माझी पहिली सूचना: जूनमध्ये जाऊन गाव पसंत करू नका. जूनमध्ये अमेरिकेतलं कुठलंही गाव सुंदरच दिसतं.

नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरातही आपल्याकडे जवळपास अकरा तासांचा दिवस असतो. न्यू जर्सीचा आमचा भाग साधारण साडेचाळीस अंशांवर. तिथे डिसेंबरच्या शेवटी सव्वानऊ तासांचा दिवस, साडेचारला सूर्यास्त. सिएटल साडेसत्तेचाळीस अंशांच्या पुढे. तिथे सकाळी आठच्या सुमाराला उजाडतं आणि चार वाजून वीस मिनिटांनी सूर्य मावळतो. वर्षभराचा पाऊस मोजला तर न्यू जर्सीत तो सिएटलपेक्षा जास्त पडतो, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पण सिएटलचा पाऊस ऑक्टोबर ते मार्च भुरभुरत राहतो आणि आभाळ उघडत नाही. ह्यांना त्या अंधाराचा त्रास झाला. मला तितकासा नाही झाला. तुमच्यापैकी कुणाला आधीपासून उदास वाटण्याचा किंवा झोपेचा त्रास असेल, तर अक्षांश हा गंभीर मुद्दा समजा आणि डॉक्टरांशी बोला.

रेडमंडच्या बाजूनं मला प्रामाणिकपणे बरंच सांगायचंय. शेजारच्या बेलव्ह्यूमधला क्रॉसरोड्स हा भाग म्हाताऱ्या माणसांसाठी फार सोयीचा आहे. बंदिस्त बाजार, आत जमिनीवर मांडलेला मोठा बुद्धिबळाचा पट, भोवती गप्पा मारत बसलेली अनेक देशांची आजी-आजोबा मंडळी. बेलव्ह्यू ते रेडमंड 'रॅपिडराइड बी' ही बस क्रॉसरोड्सवरून जाते, आणि २०२५ पासून लाइट रेल रेडमंडच्या मध्यापर्यंत आली आहे. ६५ वर्षांपुढच्यांना सवलतीच्या कार्डावर एका डॉलरमध्ये प्रवास करता येतो. अमेरिकेत आमचा फक्त मुलगाच असता तर मी क्रॉसरोड्सला भाड्याचं घर बघितलं असतं.

आम्ही न्यू जर्सी निवडली, पण हिल्सबरो नाही. लेकीचं घर मोठं, अंगण मोठं, पण काही रस्त्यांना फुटपाथसुद्धा नाही. आम्ही आयझेलिनला, ओक ट्री रोडपासून चालत जाता येईल अशा जागी भाड्यानं राहतो. लेक गाडीनं साधारण अर्ध्या तासावर. ओक ट्री रोड आयझेलिनमधून एडिसनमध्ये जातो. त्याच्यावर वाणसामान, ताजी मेथी, शिंपी, सोनार, मिठाई, साई दत्त पीठाचं देऊळ, सगळं आहे. मेट्रोपार्क स्टेशनवरून न्यूअर्क आणि न्यूयॉर्कला गाडी मिळते, ६२ वर्षांपुढे तिकीट सवलतीत. मिडलसेक्स काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, ज्येष्ठांसाठी स्वतःची वाहनसेवाही चालवते. गाव ठरवताना तिथल्या काउंटीकडे अशी सेवा आहे का, हा प्रश्न जरूर विचारा. आणखी एक गोष्ट माझ्यासाठी फार मोलाची ठरली: हिवाळ्यात इथे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा नाशिकला संध्याकाळचे साडेसात असतात. बहिणीशी रोज निवांत बोलता येतं. रेडमंडहून सकाळी नऊला फोन केला तर तिकडे रात्रीचे साडेदहा, आणि ती झोपलेली.

मुलं दुसरीकडे असतील तर हीच कसोटी तिथे लावा. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला बार्ट ही लोकल रेल्वे आहे, मोठा तलाव असलेली बाग आहे, आणि जवळच मिलपिटसला इंडिया कम्युनिटी सेंटर ज्येष्ठांसाठी कार्यक्रम घेतं. भाडं मात्र छातीत धडकी भरवणारं. टेक्सासमध्ये डॅलसजवळ फ्रिस्कोत मराठी माणसं भरपूर, घरं प्रशस्त, पण फ्रिस्को डॅलसच्या डार्ट या बस-रेल्वे सेवेचं सभासद शहर नाही. शेजारचं प्लॅनो आहे. मुलगा फ्रिस्कोत असेल तर मी आईवडिलांसाठी प्लॅनोत डार्टच्या स्टेशनाजवळ घर शोधीन.

गाव स्वतःच्या पायावर उभं असावं, याला आणखी एक कारण आहे. मुलांच्या नोकऱ्या बदलतात. कंपनीनं माणसं कमी केली, दुसरीकडे चांगली संधी आली, की ती दुसऱ्या राज्यात जातात, आणि जायलाच हवं. त्या दिवशी तुम्ही त्या गावात का आहात, याला मुलांपलीकडचं एखादं उत्तर तुमच्याकडे असावं. म्हणून पहिली दोन वर्षं तरी घर विकत घेऊ नका. न्यू जर्सीतला मालमत्ता कर देशातल्या सर्वात जड करांपैकी आहे. तो दरवर्षी भरायचा असतो, घराचं कर्ज फिटलं तरीही.

५५ वर्षांवरच्यांसाठीच्या वसाहतीही आहेत. न्यू जर्सीत मन्रो भागात त्या पुष्कळ आहेत. फ्लोरिडात टावारेसला शांतिनिकेतन ही खास भारतीय निवृत्तांची वसाहत आहे, शाकाहारी जेवणासकट. मन्रोसारख्या ठिकाणी क्लबहाऊस आणि बाजारापर्यंतची बस आहे का, महिन्याचं देखभालशुल्क किती आणि गेल्या काही वर्षांत ते किती वाढलं, हे लेखी मागा. नातवंडं किती दिवस मुक्कामाला राहू शकतात याचेही तिथे नियम असतात. मला स्वतःला सगळ्या वयांच्या माणसांत राहायला आवडतं, पण एकट्या राहिलेल्या बाईसाठी ती सोय खरोखर चांगली आहे.

आता विमा. इथे घाई करू नका आणि ऐकीव माहितीवर विसंबू नका. ग्रीन कार्ड मिळालं म्हणजे मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, मिळाला असं नाही. तुम्ही ६५ च्या पुढे असाल आणि अमेरिकेत कधी नोकरी केली नसेल, तर ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहिल्यावर मेडिकेअर पैसे भरून घेता येतं. २०२५ मध्ये त्याच्या 'ए' भागाचा (रुग्णालयासाठीचा) हप्ता महिना ५१८ डॉलर आणि 'बी' भागाचा (डॉक्टरांसाठीचा) १८५ डॉलर होता, म्हणजे एका माणसाचे ७०३. नवरा-बायको धरून हिशेब करा. पाच वर्षं पुरी होण्याच्या तीन महिने आधी नावनोंदणीची मुदत सुरू होते आणि ती सात महिने चालते. उशीर केला तर 'बी' भागाचा हप्ता कायमचा वाढतो. मधल्या पाच वर्षांसाठी राज्याच्या विमाबाजारातून विमा घ्यायचा, आणि त्याची मुदत ग्रीन कार्डावर आल्यापासून ६० दिवसांची असते. प्रवासी विम्यावर ही वर्षं काढू नका, जुने आजार त्यात बहुधा बसत नाहीत. सरकारी सवलतीचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचेच विचारा. मुलानं कराच्या विवरणपत्रात तुम्हाला अवलंबून दाखवलं, तर विम्याच्या सवलतीसाठी त्याचंही उत्पन्न धरलं जातं. हे आधी बोलून घ्या.

विमा राज्याप्रमाणे आणि काउंटीप्रमाणे बदलतो, त्यामुळे तोही गाव निवडण्याचाच भाग आहे. ह्यांचा मधुमेहाचा डॉक्टर, डोळ्यांचा डॉक्टर आणि जवळचं रुग्णालय एकाच योजनेत बसतात का, हे घराचा करार करण्याआधी पाहिलं. एडिसनच्या बाजूला भारतीय ज्येष्ठांसाठी 'मेडिकल डे केअर' आहेत. व्हॅन घरी येते, दुपारी आपल्यासारखं जेवण, नर्स रक्तदाब बघते. त्यांचा खर्च बहुधा मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्यातून भागतो, आणि नव्या ग्रीन कार्डधारकांना ते साधारणपणे पहिली पाच वर्षं मिळत नाही. स्वतः पैसे भरून जाता येईल का, किती पडतील, ते विचारून घ्या.

घर बघायला जाल तेव्हा दलालाच्या आधी तुम्ही स्वयंपाकघरात जा. शेगडीवरच्या पंख्याची हवा भिंतीबाहेर जाते का, ते विचारा. पुष्कळ घरांत तो पंखा धूर गाळून पुन्हा घरातच सोडतो, आणि मिरचीची फोडणी दिली की धुराचा अलार्म वाजतो. न्हाणीघरात टबचा काठ ओलांडावा लागतो. गुडघे दुखत असतील तर सपाट शॉवरच हवा, आणि भिंतीला दांडा बसवू देणार का, हे करारात लिहून घ्या. कपडे धुण्याचं यंत्र घरातच असावं, तळघरात नको. लिफ्ट नसेल तर तळमजला. बर्फ कोण काढतं? दारापासून रस्त्यापर्यंत काढतं की फक्त गाड्यांच्या जागेपुरतं? हीटिंग भाड्यात धरलंय का? आणि दुसरी झोपायची खोली परवडत असेल तर जरूर घ्या. शुक्रवारी रात्री नात मुक्कामाला येते, आणि तिकडून मुलगा आला तर त्याला आईच्या घरी उतरता येतं. या खोलीचं भाडं मला कधी जास्त वाटलं नाही.

नव्यानं आलेल्यांचा इथे क्रेडिटचा इतिहास, म्हणजे कर्ज-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद, नसतो, म्हणून घरमालक हमीसाठी मुलांची सही मागतात. ती द्यायला मुलं तयार असतात, तरी रक्कम आणि मुदत त्यांना नीट सांगा.

नातवंडांबद्दल जायच्या आधीच स्पष्ट बोलावं. कोणते दिवस आपले, आजारपणात काय, सुटीत काय. आमच्याकडे बुधवार आणि शुक्रवार आमचे. बाकी दिवस मी लेकीला "येऊ का?" असं विचारून जाते, तीही तसंच विचारते. शनिवार-रविवारी जवळपास बृहन्महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा भरत असेल तर तिथे शिकवायला माणसं हवीच असतात. चाळीस वर्षं मुलांत काढलेल्या बाईला यासारखं सुख नाही, आणि गावात आपली ओळख 'अमक्याची आई' याच्या पुढे जाते.

पैशांबाबत चार गोष्टी. ग्रीन कार्डधारकाला भारतातली पेन्शन आणि ठेवींचं व्याजही अमेरिकेच्या विवरणपत्रात दाखवावं लागतं. भारतातल्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. भारतातली बचत खाती 'एनआरओ' (परदेशी राहणाऱ्यांची खाती) करून घ्यायची. म्युच्युअल फंडांवर अमेरिकेत कराची फार किचकट पद्धत लागते, म्हणून निघण्यापूर्वी दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सीएला एकदा कागद दाखवा.

नाशिकचा फ्लॅट आम्ही विकलेला नाही आणि तुम्हीही लगेच विकू नये असं मला वाटतं. मात्र ग्रीन कार्डावर तिकडे किती राहायचं याला मर्यादा आहे. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात तर पुढे नागरिकत्वासाठीचा सलगपणा तुटू शकतो. वर्षाच्या वर राहायचं असेल, तर निघण्याआधी अमेरिकेत असतानाच री-एंट्री परमिटचा, म्हणजे परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करावा लागतो. आम्ही नाशिकची फेरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी अशी ठेवतो: इकडचा काळोख चुकतो, तिकडे हुरड्याचे दिवस मिळतात. म्हणून भाडेकरार करतानाच मी घरमालकाला दोन गोष्टी विचारल्या होत्या. आम्ही नसताना पाइप गोठू नयेत म्हणून हीटिंग किती अंशांवर ठेवायचं, आणि दुसरी किल्ली लेकीकडे ठेवलेली चालेल का.