भीती किरणांची, दुखणं मानेचं: मोबाइल वापरताना या चुका टाळा

माझ्या जुन्या मोबाइलच्या पाठीवर एक सोनेरी चकती चिकटवलेली होती. ती रेडिएशन शोषून घेते, असं विकणारा छातीठोकपणे सांगत होता. त्या दिवसांत माझी मान अवघडलेली असायची, उजव्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची आणि रात्री एक वाजल्याशिवाय डोळा लागायचा नाही. पण काळजी मात्र किरणांची. मोबाइल आणि तब्येत हा विषय निघाला की बहुतेकांचं असंच होतं. दुखतं एकीकडे आणि घाबरतो दुसरीकडे.

चकत्या, स्टिकर आणि अर्धवट वाचलेले फॉरवर्ड

मोबाइल रेडिओ लहरींवर चालतो. क्ष-किरणांमध्ये पेशींतले रासायनिक बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते, रेडिओ लहरींमध्ये ती नसते. नेहमीच्या मोबाइल लहरींची वारंवारता तर आपल्याला दिसणाऱ्या साध्या उजेडाहूनही लाखाहून अधिक पटींनी कमी आहे. शरीरावर त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे थोडी उष्णता. ती फार वाढू नये म्हणून ‘सार’ला (SAR), म्हणजे शरीर लहरींची ऊर्जा किती वेगाने शोषतं त्या मापाला, मर्यादा घातलेली असते. अमेरिकेत आणि भारतात ती किलोला १.६ वॅट आहे, युरोपात २ वॅट. (मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे हे दोन आकडे थेट ताडून पाहू नका.) बऱ्याच फोनवर *#०७# दाबलं की आपल्या मॉडेलचा आकडा दिसतो. लांबलचक कॉलनंतर कान तापतो, त्यात मोठा वाटा बॅटरीचा, आतल्या चिपचा आणि कान झाकला गेल्याचा असतो.

मग कॅन्सरचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘२ब’ गटात टाकलं. फॉरवर्डमध्ये एवढंच येतं. या गटाचा अर्थ ‘शक्यता नाकारता येत नाही, पण पुरावा तोकडा आहे’ असा आहे. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात बसलेला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या, तीही बातमी खूप फिरली. पण त्या उंदरांच्या अख्ख्या शरीरावर रोज नऊ तास, दोन वर्षं मारा केला होता, आणि गंमत म्हणजे मारा झालेले उंदीर न झालेल्यांपेक्षा जास्त जगले. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यावरून ६३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही, दहा वर्षांहून जास्त काळ वापरणाऱ्यांमध्येही नाही.

आता चकतीचा विनोद ऐका. चकती कामाची नसेल तर पैसे वाया. आणि तिने खरोखरच लहरी अडवल्या, तर फोन टॉवरपर्यंत पोहोचायला आणखी जोर लावणार. म्हणजे ज्यासाठी ती लावली तेच वाढणार. अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने या कारणासाठी लोकांना सावधही केलेलं आहे.

रेंज नसताना कानाला लावून गप्पा

तरीही लहरींचा संपर्क कमी करावासा वाटत असेल, तर त्याचा उपाय फुकट आहे. फोन सतत स्वतःची ताकद कमी-जास्त करत असतो. रेंज भरपूर असेल तर हळू ‘बोलतो’, रेंज नसेल तर ओरडतो. लिफ्ट, तळघर, धावती गाडी अशा ठिकाणी एखादीच कांडी दिसत असताना तासभर बोलणं हाच सर्वांत जास्त संपर्काचा प्रकार. कॉल लांबणार असेल तर इअरफोन लावा किंवा स्पीकरवर बोला. फोन डोक्यापासून वीतभर लांब गेला तरी संपर्क झपाट्याने घटतो. जवळचा टॉवर नको म्हणून भांडणाऱ्यांना ही बाजू ठाऊक नसते: टॉवर लांब गेला की कानाशी लावलेला फोन जास्त जोर लावतो.

मान खाली, फोन मांडीवर

ही खरी चूक, आणि हिच्याबद्दल फॉरवर्ड येत नाहीत. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं. ते मणक्याच्या बरोबर वर तोललेलं असतं तेव्हा मानेला ओझं जाणवत नाही. पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. २०१४ मध्ये एका मणक्याच्या शल्यचिकित्सकाने संगणकावर याचं गणित मांडलं: १५ अंश झुकलं तर मानेवर सुमारे १२ किलोचा ताण, ३० अंशांवर १८ आणि ६० अंशांवर २७. हे प्रत्यक्ष रुग्णांवरचं मोजमाप नाही, त्यामुळे ‘मोबाइलने मणका मोडतो’ वगैरे त्यातून काढू नका. पण अर्धा तास मान वाकवून बसल्यावर खांद्यापाशी दगड का होतो, ते यातून कळतं.

‘ताठ बसा’ हा सल्ला मला पटत नाही. ताठ बसून कोणी मोबाइल बघत नाही, दोन मिनिटांत पुन्हा वाकतोच. त्यापेक्षा फोन वर आणा. कोपर पोटाशी टेकवा किंवा खाली उशी घ्या, म्हणजे हात दुखत नाही आणि स्क्रीन हनुवटीच्या उंचीला येते. लांबलचक व्हिडिओ असेल तर फोन कशाला तरी टेकवून ठेवा. आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी बसण्याची पद्धत बदला. चांगल्या स्थितीतही पुतळ्यासारखं बसून राहिलं की मान आखडतेच. मानेबरोबर हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर शेक आणि मलम यांत दिवस घालवू नका. डॉक्टर गाठा.

अंगठ्याची कळ वेगळी. अंगठा मुठीत दाबून धरा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला झणका आला, तर तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. या दुखण्याला ‘डी क्वेर्वेन’ म्हणतात. मोठा फोन एका हातात धरून त्याच अंगठ्याने टाइप करणं थांबवा. दोन्ही हात वापरा, शक्य तिथे बोलून टाइप करा. दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर तपासून घ्या. मला स्वतःला महिनाभर पट्टा बांधावा लागला.

डोळे चुरचुरतात म्हणून निळा चष्मा

स्क्रीन बघताना आपण पापण्या मिटायचं विसरतो. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास वेळा होणारी उघडझाप निम्म्यावर येते, डोळे कोरडे पडतात आणि खुपल्यासारखं होतं. यात निळ्या प्रकाशाचा दोष नाही. २०२३ मध्ये कोक्रेन संस्थेने केलेल्या आढाव्यात, निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असं काही आढळलं नाही. दर २० मिनिटांनी २० फूट लांब कुठेतरी २० सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. अक्षरं मोठी करा. लहान अक्षरं बारीक डोळे करून वाचण्यात कसला अभिमान?

झोपेच्या वेळी ‘नाइट मोड’

स्क्रीन पिवळी केली की झोप सुरक्षित झाली, असा समज आहे. रात्रीचा उजेड झोपेचं संप्रेरक थोडं मागे ढकलतो हे खरं, पण जागं ठेवतो तो मजकूर. ऑफिसचा मेसेज, वाद, ‘आणखी एकच’ व्हिडिओ. पिवळ्या स्क्रीनवरचं भांडण हे भांडणच असतं. उपाय कंटाळवाणा आहे: फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि गजराचं साधं घड्याळ घ्या. पहिले तीन-चार दिवस हात उशाशी चाचपडतो. माझाही चाचपडत होता.

गोंगाटात आवाज वाढवणं

रेल्वेत गाणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतो आणि शांत जागी आलो तरी कमी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त चार. म्हणजे दहा डेसिबल चढले की मुभा दहापटीने आटते. कानात नीट बसणारे किंवा बाहेरचा गोंगाट कमी करणारे इअरफोन घेतले की आवाज आपोआप खाली राहतो. इअरफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत असेल, तर कानांना त्रास झालाय असं समजा. शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर कानाच्या डॉक्टरांकडे जा.

गाडी चालवताना

इथे फार शब्द नकोत. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना तीन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर गाडी ५० मीटर आंधळी धावते. फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हँड्सफ्री घेतल्याने तो फारसा घटत नाही, कारण हात मोकळे असले तरी लक्ष अडकलेलं असतं. मोबाइलमुळे जीव जाण्याचा सर्वांत उघड मार्ग हाच.

उशीखाली चार्जिंग, खिशात फोन

उशीखाली किंवा पांघरुणात चार्जिंगला लावलेल्या फोनची उष्णता बाहेर पडत नाही. त्यावर झोप लागली तर त्वचा भाजू शकते. पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन एका कडेने उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे. फोन बंद करा, चार्ज करू नका, दाबून बसवू नका, टोचू तर अजिबातच नका. बाथरूममध्ये चार्जिंगला लावलेला फोन हाताळू नका, पाण्यात पडला तर सॉकेटचं बटण बंद केल्याशिवाय त्याला हात लावू नका.

छातीत पेसमेकर असेल तर फोन त्यापासून किमान १५ सेंटीमीटर लांब हवा. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवू नका आणि विरुद्ध बाजूच्या कानाला लावा. इथे लहरींपेक्षा काही फोनमधल्या आणि फोनच्या कव्हरमधल्या चुंबकांची अडचण मोठी असते, म्हणून कव्हर घेतानाही चुंबक आहे का ते विचारा.