वेल्शमधला 'डस्गी': शिकणे पण आणि शिकवणे पण

वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा, शिकायला बसलात की पहिल्या आठवड्यातच हा शब्द भेटतो. स्पेलिंग डी-वाय-एस-जी-यू, उच्चार मात्र 'डस्गी'. डिक्शनरीत अर्थ बघितला तर शिकणे आणि शिकवणे दोन्ही, मला आधी वाटलं छापायची चूक आहे. आपल्याकडे एक 'व' घातला की शिकणेचं शिकवणे होतं, त्यांच्याकडे तो 'व'च नाही.

गंमत म्हणजे मूळ लॅटिनमध्ये हा घोळ नव्हता. डिस्केरे म्हणजे शिकणे, डोकेरे म्हणजे शिकवणे. रोमन लोक ब्रिटनमध्ये होते तेव्हा वेल्शच्या पूर्वज भाषेने त्यातला डिस्केरे उचलला आणि पुढे त्याच्याकडूनच दोन्ही कामं करून घेतली. शाळेतल्या विद्यार्थ्याला वेल्शमध्ये 'डिस्गिबल' म्हणतात, तोही लॅटिनच, इंग्लिश डिसायपलचा भाऊ.

मग ओळखायचं कसं? वाक्यात 'कोणाला' आहे का ते शोधा. 'डुइन डस्गी कम्राइग' म्हणजे मी वेल्श शिकतोय. त्यालाच 'इर प्लान्ट' म्हणजे 'मुलांना' जोडलं की झालं मी मुलांना वेल्श शिकवतोय. क्रियापद जागचं हललंसुद्धा नाही!

भूतकाळासाठी शेवटचा 'ई' काढा आणि प्रत्यय लावा: डस्गैस ई (मी शिकलो), डस्गैस्ट टी (तू शिकलास), डस्गोद ए (तो), डस्गोद ही (ती). हा 'द' इंग्लिश 'दिस'मधला, जीभ दातांत. बघा, तो आणि ती दोघांना एकच रूप, शिकला-शिकलीची भानगड नाही, आपल्याला तेवढाच आराम. आणि प्रत्यय आठवत नसतील तर बोलताना सरळ 'नेस ई दस्गी' म्हणा, शब्दशः 'मी शिकणं केलं', चालतं एकदम.

आता तिथे ड चा द का झाला? हीच खरी डोकेदुखी, वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर आजूबाजूचं बघून बदलतं. 'माझं' या अर्थाचा 'व' आधी आला तर ड चा न होतो: 'माय हिन व नस्गी ई', ती मला शिकवते. डिक्शनरीत 'न'खाली शोधत बसू नका, सापडणार नाही, 'ड'खाली जा.