जुन्या ओडिसीचा गिअरबॉक्स धोक्यात आहे का, हे घरीच कसे ओळखावे

अमेरिकेत आजही अनेक कुटुंबांकडे 2002 ते 2004 या मॉडेलवर्षांची होंडा ओडिसी ही मिनीव्हॅन आहे. या गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील दुसरा गिअर पुरेसे तेल न मिळाल्यास तापून तुटू शकतो आणि धावत्या गाडीचा गिअरबॉक्स अचानक जाम होऊ शकतो, म्हणून कंपनीने 2004 मध्ये या गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या.

1. गाडीचा 17 अक्षरी व्हीआयएन क्रमांक, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, होंडाच्या डीलरला देऊन ही दुरुस्ती बाकी आहे का ते विचारावे; अमेरिकी वाहतूक सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या, संकेतस्थळावर 15 वर्षांहून जुनी परत मागवणी दिसेलच असे नाही. सेकंडहँड गाडीबाबत हे आवर्जून करावे.

2. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे, साधारण 60 ते 90 सेकंदांत गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल तपासण्याची पट्टी) काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी आणि तेल पांढऱ्या कागदावर टिपून घ्यावे. लालसर तेल ठीक समजावे. काळपट तेलाला करपल्यासारखा वास येत असेल किंवा त्यात धातूचा चुरा चमकत असेल, तर नुसते तेल बदलून भागत नाही. गिअरबॉक्स मेकॅनिककडून तपासून घ्यावा.

3. चालवताना डॅशबोर्डवरील गिअर दाखवणारा ‘डी’ दिवा लुकलुकतो का, आणि इंजिनचा आवाज चढूनही वेग वाढत नाही असे होते का, याकडे लक्ष द्यावे.

गाडी आपोआप ब्रेक लागल्यासारखी हिसका देत असेल, तर ती हायवेवर मुळीच नेऊ नये; गाडी पूर्णपणे वर चढवून नेणारा फ्लॅटबेड टो ट्रक बोलवावा.