मायक्रोकंट्रोलरला एसडी कार्ड किंवा फ्लॅश चिप जोडताय? या चुका टाळा

कार्ड सापडलं नाही की आपण आधी कोड उलटापालटा करतो. आधी मल्टिमीटर हातात घ्या. अशा वेळी दोष बरेचदा वायरिंगमध्ये नाहीतर पॉवर सप्लायमध्ये असतो.

एसडी कार्ड ३.३ व्होल्टचं, आर्डुइनो उनोच्या पिना ५ व्होल्टच्या. क्लॉक (वेळेचे ठोके देणारी), मोसी (कार्डाकडे डेटा नेणारी) आणि चिप सिलेक्ट (कार्ड निवडणारी) या तिन्ही तारांवर लेव्हल शिफ्टर, म्हणजे ५ व्होल्टचा सिग्नल ३.३ वर आणणारा भाग, हवाच. थेट जोडलेलं कार्ड काही दिवस चालतंही, पण त्या भरवशावर राहू नका. करंटचंही तसंच. लिहिताना कार्ड १०० मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकतं. फाइल नीट वाचली जाते, पण लिहायला घेतलं की बोर्ड रीसेट होतो? मग ३.३ व्होल्टचा वेगळा रेग्युलेटर लावा आणि कार्डाजवळ १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या.

स्वतः ड्रायव्हर (कार्डाशी बोलणारा कोड) लिहित असाल तर कार्ड सुरू होईपर्यंत क्लॉक ४०० किलोहर्ट्झच्या आत ठेवा. चिप सिलेक्ट हाय ठेवून क्लॉकचे निदान ७४ ठोके द्या, मगच पहिली कमांड.

३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतात, आर्डुइनोच्या नेहमीच्या एसडी लायब्ररीला ते वाचता येत नाही. छोटं कार्ड घ्या, फॅट३२ करा, विषय संपला.

डब्ल्यू२५क्यू३२सारख्या फ्लॅश चिपच्या चुका वेगळ्या, आणि जास्त फसव्या. आधी ९एफ (हेक्स) कमांड देऊन चिपचा आयडी वाचा. ईएफ, ४०, १६ हे तीन बाइट आले तर जोडणी ठीक. सगळे एफएफ किंवा सगळे शून्य आले तर कोडला हात लावू नका, वायरिंग तपासा. होल्ड आणि राइट प्रोटेक्ट पिना मोकळ्या सोडल्या असतील तर त्या ३.३ व्होल्टला जोडा.

आयडी येतो, पण डेटा बिघडतो? फ्लॅशमध्ये लिहिताना बिट १ चा ० होतो, उलट होत नाही. ० चा परत १ करायला ४ केबीचा अख्खा सेक्टर पुसावा लागतो. प्रत्येक वेळी पुसण्याआधी आणि लिहिण्याआधी राइट एनेबल (लिहायची परवानगी देणारी कमांड) द्यावं लागतं, आणि काम पूर्ण होईपर्यंत बिझी बिट (चिप कामात आहे हे सांगणारा बिट) बघत थांबावं लागतं. पान, म्हणजे एका कमांडमध्ये लिहिता येणारा तुकडा, २५६ बाइटचं असतं. त्याच्या टोकाला पोचलं की उरलेला डेटा पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला जाऊन तिथला मजकूर बिघडवतो. कसलाही एरर येत नाही, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते. लिहून झालं की तोच भाग परत वाचून ताडून बघा.