आधी पंचशील, मग उशी: लंडनची नोकरी सांभाळून धम्म कसा पाळावा

जय भीम, नमो बुद्धाय. मी लंडनमधल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे, माहेर नागपूरचं, इंदोऱ्याचं. इकडे नव्याने आलेली आपली मुलं मला विचारतात, "ताई, ध्यान सुरू करायचंय, कोणतं ॲप घेऊ?" ॲपचं नंतर बघू. आधी पंचशील, म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं आणि नशा यांपासून दूर राहायचे पाच नियम, याच क्रमाने.

असं का म्हणते ते सांगते. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबॅट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या पेशंटांसाठी माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेच्या ध्यानाचा कोर्स सुरू केला. तिथून ते हॉस्पिटलांत, ऑफिसांत, शाळांत पोचलं. त्याने कितीतरी लोकांना आराम पडलाय, माझ्या पेशंटांनाही. पण त्यात त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाणं नाही, पंचशील घ्यावं लागत नाही. आणि आपल्या घरांत नेमकं उलटं असतं: वंदना तोंडपाठ, जयंती धूमधडाक्यात, पण रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसणारे फार थोडे. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसाने या दोन्ही बाजू जोडाव्यात असं मला मनापासून वाटतं. नोकरी करून ते जमतं.

सुरुवात चौथ्या शीलापासून करा. कामाच्या ठिकाणी सगळ्यात जास्त मोडतं ते हेच. उघड खोटं आपण क्वचित बोलतो, पण सम्यक वाचेत, म्हणजे योग्य बोलण्यात, चहाडी, टोचून बोलणं, वायफळ बडबड हे सगळंच टाळायचं असतं. रागात लिहिलेला ईमेल ड्राफ्टमध्ये ठेवा आणि ध्यानाच्या पुढच्या बैठकीनंतर उघडा. मी तरी त्यातली निम्मी वाक्यं खोडते. स्टाफरूममध्ये हजर नसलेल्या माणसाची चर्चा सुरू झाली की उठून कप धुवायला लागा. कुणाला उपदेश करायची गरज नाही.

पाचव्या शीलाची परीक्षा शुक्रवारी संध्याकाळी, पबमध्ये. तिथे जरूर जा, नाहीतर एकटे पडाल. इथे प्रत्येकाने आळीपाळीने सगळ्यांसाठी ड्रिंक्स घ्यायची पद्धत आहे, तिला राउंड म्हणतात. मी राउंडमध्ये शिरत नाही. बारवर जाऊन आपलं लाइम-सोडा आपणच घेते आणि सोमवारी वॉर्डावर सगळ्यांसाठी केक नेते. कुणी विचारलं तर "मी पीत नाही" एवढं पुरतं. कारणं द्यायला लागलात की वाद सुरू होतो.

पहिल्या शीलाचा सराव करायला सप्टेंबर चांगला, कारण तेव्हा घरोघरी मोठाले कोळी निघतात. वर ग्लास पालथा घालायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं आणि कोळ्याला बाहेर नेऊन सोडायचं. मुलांना हे काम फार आवडतं.

आता बैठक. पहाटेची वेळ उत्तम, पण डिसेंबरात इथे आठ वाजेपर्यंत उजाडत नाही आणि घर गार पडलेलं असतं. हीटिंगचा टायमर उठायच्या अर्धा तास आधीचा लावा आणि खांद्यावर शाल घ्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मेणबत्ती-उदबत्तीला बहुतेक मनाई असते, आणि धुराचा अलार्म वाजला तर अख्खी इमारत जागी होते. मूर्तीपुढे फुलं आणि वाटीभर पाणी ठेवा, तेवढं पुरेसं आहे. त्रिसरण-पंचशील मोठ्याने म्हणा. भिंती पातळ असतील तर पुटपुटा.

मांडी घालताना कंबर गुडघ्यांपेक्षा वर हवी. महागडी उशी नको, अंघोळीचे दोन टॉवेल घट्ट गुंडाळले की काम होतं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पाठ टेकू नका, तळवे जमिनीला लागू द्या. मग आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे बघणं. नाकाच्या खाली, वरच्या ओठाच्या वर लक्ष ठेवा. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही, आखडायचा नाही. थंडीत हे सोपं जातं, कारण आत येणारी हवा गार लागते आणि बाहेर जाणारी कोमट, ते स्पष्ट कळतं. मन बिलांवर, व्हिसावर, आईच्या गुडघ्यांवर जाणारच. गेलंय हे कळलं की परत आणायचं, बस. पहिला महिना दहा मिनिटांच्या वर जाऊ नका. वाढवायची घाई करणारेच आधी सोडतात असं मी पाहिलंय. शेवटी दोन मिनिटं मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं व्हावं असं मनात आणणं: आधी स्वतःसाठी, मग घरच्यांसाठी, मग ज्याच्याशी काल खटका उडाला त्याच्यासाठी.

उरलेला दिवस कामात जातो, तर कामातच जागा शोधायची. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे सजग राहण्यावरच्या बुद्धांच्या उपदेशात, चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं, खाणं-पिणं, अगदी शौचाला जाणंही आलंय. माझी जागा म्हणजे हाताला चोळायचं जेल. प्रत्येक बेडपाशी ते लावावंच लागतं आणि नीट लावायचं तर वीस-तीस सेकंद जातात: तळव्यावर तळवा, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, बोटांची टोकं. तेवढ्यात चार-पाच सावकाश श्वास होतात. मागच्या पेशंटची काळजी तिथे खाली ठेवते आणि पुढच्याच्या चेहऱ्याकडे बघते. कुणाचं शेवटचं चाललेलं असेल तेव्हा हे वीस सेकंद मला फार लागतात. तुमच्या कामातही अशी एखादी जागा असेलच: लिफ्टची वाट बघणं, किटलीतलं पाणी उकळणं, लॅपटॉप सुरू होणं. एकच निवडा आणि तीच धरून ठेवा. विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचे गुरू सयाजी ऊ बा खिन ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते आणि आपल्या कार्यालयातल्या लोकांना ध्यान शिकवत. नोकरी आणि साधना एकत्र चालत नाही असं कुणी म्हणालं की मला तेच आठवतात.

संसारी माणसासाठी सिगालोवाद सुत्त जरूर वाचा. सहा दिशांना नमस्कार करणाऱ्या तरुणाला बुद्धांनी सांगितलं की पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण गुरू, पश्चिम जोडीदार आणि मुलं, उत्तर मित्र, खालची दिशा हाताखालची माणसं, वरची श्रमण, म्हणजे संन्यासी. हाताखालच्यांना झेपेल एवढंच काम द्या, जेवण आणि वेतन द्या, आजारपणात बघा, वेळोवेळी सुट्टी द्या, असं त्यात स्पष्ट आहे. रोस्टर लावणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं माझं मत आहे. पूर्व दिशेसाठी रविवार ठेवा. हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार. सकाळी फोन केलात तर घरी दुपारच्या जेवणाची वेळ असते.

एकट्याने फार काळ टिकत नाही, संघ लागतो. लंडन बुद्धिस्ट विहार १९२६ साली श्रीलंकेच्या अनागारिक धर्मपालांनी स्थापन केला, आता तो लंडनमधल्याच चिझिकला आहे. हेमेल हेम्पस्टेडजवळ भिक्खू अजान सुमेधोंनी उभारलेला अमरावती नावाचा मठ आहे. भोजनदान न्यायचं असेल तर सकाळीच पोचा, भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. आणि प्रिमरोझ हिलजवळचं १०, किंग हेन्रीज रोड तर आपलंच: १९२१-२२मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते, २०१५ साली महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं. मुलांना एकदा तरी तिथे घेऊन जा.

बसायची सवय लागली की दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. इगतपुरीला जाता आलं नाही तर इंग्लंडातच हेरफर्डशायरमध्ये धम्म दीप हे केंद्र आहे. शुल्क नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पहाटे चारला घंटा, मौन, पहिले तीन दिवस फक्त आनापान, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदनांकडे बघणं. जायचा-यायचा दिवस धरून बारा दिवस लागतात. बुधवारी सुरू होऊन रविवारी संपणारं शिबिर घेतलंत तर आठच रजा जातात, मध्ये बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीचा सोमवार आला तर सातच. अर्जात मानसिक आजार आणि औषधांबद्दल विचारतात, तिथे काही लपवू नका. गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मनाने त्या बंद करू नका. रोस्टर निघायच्या आत मॅनेजरला तारखा कळवा.