अभ्यासिकेच्या फॉर्ममधलं ‘सेन्सिटिव्ह’ काय, ते कसं ठरवायचं

सदाशिव पेठ, नवी पेठेत अभ्यासिका नाहीतर मेस चालवणारे बरेच जण आता गूगल फॉर्मवर ॲडमिशन घेतात आणि त्यात नाव-मोबाइलपासून जात, आजार, आधारचा फोटो सगळं मागून ठेवतात, कशाला लागतं विचारलं तर उत्तर नसतं. तर तो फॉर्म समोर घ्या आणि आधी आयटी ॲक्टखालचे (माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे) २०११ चे नियम लावून बघा, पर्सनल डेटाचा २०२३ चा नवा कायदा पूर्ण लागू होईपर्यंत तेच चालू आहेत. नियम ३ मध्ये सेन्सिटिव्ह, म्हणजे संवेदनशील माहितीची यादी आहे: पासवर्ड, बँक खातं आणि कार्डाचे डिटेल्स, शारीरिक-मानसिक तब्येत, मेडिकल हिस्ट्री, लैंगिक कल, बायोमेट्रिक. म्हणजे दारावरचं अंगठ्याचं मशीन आलं, डिपॉझिट परत द्यायला घेतलेला खातेनंबर पण आला. याला लेखी परवानगी लागते, ईमेलवर चालते. आमची कुठे कंपनी आहे म्हणून सुटका नाही हां, एकट्या मालकाचा धंदाही त्यात धरलाय.

गंमत म्हणजे जात-धर्म त्या यादीत नाहीच! पर्सनल डेटाच्या २०१९ च्या बिलात होते, पण ते बिल २०२२ मध्ये सरकारने मागे घेतलं, आणि २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा कायद्यात तर सेन्सिटिव्ह असा वेगळा कप्पाच नाही, सगळा पर्सनल डेटा एकाच मापाने. युरोपच्या डेटा कायद्यात, जीडीपीआरमध्ये, धर्म, राजकीय मत, युनियनची मेंबरशिप आहे पण बँक खातं नाही. त्यामुळे बाहेरची पॉलिसी कॉपी-पेस्ट करू नका, आपलंच नेमकं सुटतं.

माझं मत विचाराल तर यादी म्हणजे किमान. पुढे प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न, हे उद्या ग्रुपवर फुटलं तर त्या पोराचं काय बिघडेल? एमपीएससीचा फॉर्म कुठल्या प्रवर्गातून भरला हे कळलं तर बाजूच्या टेबलवरची वागणूक बदलू शकते, मग ते तुमच्या व्याख्येत घाला, कायद्याने सांगितलं नसलं तरी. आणि न विचारता कळतं ते पण बघा. मेसच्या एक्सेलमध्ये धर्माचा रकाना नसतो, पण रमजानमध्ये दुपारचा डबा कोणाचा बंद, बिनसाखरेचा चहा कोणाला, एवढ्यावरून धर्म आणि आजार दोन्ही समजतात.

मग व्याख्या साध्या मराठीत फॉर्मच्या वरच लिहा, ‘तब्येत, बँक, अंगठा, जात-प्रवर्ग, धर्म ही माहिती संवेदनशील धरू, फक्त अमुक कामाला वापरू’. ‘अमुक’च्या जागी काही सुचत नसेल तर तो रकाना सरळ उडवा. वहीत लिहितो म्हणणाऱ्यांनी पण खूश होऊ नये, पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला की २०२३ च्या कायद्याच्या हिशोबाने तो डिजिटल डेटाच.